‘स्वमत’ नेमके कुणाचे? : दहावीच्या ‘कुमारभारती’चे एक परीक्षण

पाठ्यपुस्तकाचे परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. कादंबरी आपण निवडून घेतो, तिची तुलना दुसऱ्या कादंबरीशी करतो आणि आवडली नाही तर ती बाजूला ठेवतो. पाठ्यपुस्तक मात्र शाळेने लावलेले असते, ते जूनमध्ये दप्तरात येते आणि परीक्षा संपली की रद्दीत जाते. तरीही मराठी माध्यमात शिकणाऱ्या अनेक मुलांच्या आयुष्यात ओळ न् ओळ, पुन्हा पुन्हा वाचले गेलेले मराठी पुस्तक हेच असते, आणि ‘तुला काय वाटते ते लिही’ असे त्यांना छापील अक्षरांत विचारणारे पुस्तकही बहुधा हेच असते. म्हणून इयत्ता दहावीच्या ‘मराठी कुमारभारती’चे परीक्षण मला एकाच बाजूने करायचे आहे: मुलांना मत बनवायला, ते मांडायला आणि लिहायला हे पुस्तक कितपत शिकवते? मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आहे आणि गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयात नववी-दहावीच्या दहा-बारा मुलांना घेऊन बसते. पुढे लिहिलेले सारे या दोन्ही ठिकाणी हे पुस्तक हाताळून झालेले मत आहे.

पुस्तक ‘बालभारती’चे, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाचे आहे. सध्याचे रूप २०१८ सालचे. त्याच वर्षीच्या अभ्यासक्रमाबरोबर दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी ‘कृतिपत्रिका’ आली आणि पुस्तकातील स्वाध्यायांची घडणही तिला धरूनच झाली. आकृतिबंध पूर्ण करणे, चौकटी भरणे, कारणे लिहिणे अशा आकलनाच्या कृती आधी येतात आणि त्यानंतर ‘स्वमत’ या शीर्षकाखाली दोन-तीन प्रश्न येतात. ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेत गद्य विभागाला १८ गुण आहेत. त्यातील दोन पठित उताऱ्यांवर प्रत्येकी तीन गुणांची एक स्वमताची कृती असते. उपयोजित लेखनाला २४ गुण असून त्यातील आठ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकासाठी असतात. आकडे येथेच नोंदवून ठेवते, कारण मुलाने आपले मत किती कष्टाने लिहायचे, हे पुष्कळदा या आकड्यांवरूनच ठरते.

आधी निवडीबद्दल. ही निवड चांगली आहे, आणि ती किती चांगली आहे हे पाठ शिकवून संपवण्याच्या घाईत आपल्या ध्यानात येत नाही. या पुस्तकातील कितीतरी पाठांच्या पोटात एक खरा, न सुटलेला वाद आहे. वि. स. खांडेकर यांच्या ‘गवताचे पाते’ या रूपककथेत गळणारे पान आणि झोपमोड झालेले गवताचे पाते एकमेकांना बोल लावतात आणि काळ उलटल्यावर त्याच पात्याच्या तोंडी पानाची भाषा येते. घरात आजोबा असलेल्या प्रत्येक मुलाला यावर काहीतरी म्हणायचे असते. नीरजा यांच्या ‘आश्वासक चित्र’ या कवितेत भातुकली खेळणारी मुलगी मुलाकडून चेंडू मागते आणि पुढे त्यालाही तिचा खेळ खेळून पाहावासा वाटतो. या कवितेवर आमच्या रविवारच्या बैठकीत मुलगे आणि मुली एकमेकांवर चक्क चिडले होते, आणि मला त्याचा आनंद झाला होता. ‘निर्णय’ या विज्ञानकथेत हॉटेलात माणसे ठेवावीत की यंत्रमानव, हा पेच आहे. तो २०१८ मध्ये थोडा दूरचा वाटत असे; आता तो मुलांच्या घरातल्या, नोकरी शोधणाऱ्या दादा-ताईंचा पेच झाला आहे.

या सगळ्यांत मत घडवण्यासाठी मला सर्वाधिक उपयोगी पडलेला पाठ म्हणजे अरुणा ढेरे यांचा ‘वाट पाहताना’. त्यात मुलाच्या पत्रासाठी आसुसलेली एक म्हातारी आहे आणि तिच्यासाठी कोऱ्या कागदावरून पत्र ‘वाचून’ दाखवणारा एक पोस्टमन आहे. शाळेत हा पाठ शिकवताना आपण पोस्टमनच्या माणुसकीपाशी थांबतो. फळ्यावर ‘सहृदय, संवेदनशील, परोपकारी’ अशी विशेषणे लिहितो आणि मुले ती उतरवून घेतात. वाचनालयात मी विशेषणे लिहिली नाहीत. मी एवढेच विचारले, की तो खोटे बोलला, हे तुम्हांला पटते का? पहिली पाच मिनिटे कुणीच बोलले नाही, कारण पाठातल्या चांगल्या माणसाबद्दल असा प्रश्न विचारता येतो, हेच मुलांना नवीन होते. मग एक मुलगा म्हणाला, की म्हातारीला आनंद झाला ना, मग झाले. एका मुलीने त्याला विचारले, की उद्या तिचा मुलगा खरोखर आला आणि मी कधी पत्रच पाठवले नाही असे म्हणाला, तर? तिसऱ्याने म्हटले, की म्हातारीला कदाचित सगळे कळतही असेल आणि तीही पोस्टमनचे मन राखत असेल. पाठ शिकवण्याच्या इतक्या वर्षांत ही शक्यता माझ्या मनात आली नव्हती. त्या दिवशी मुलांनी लिहिलेल्या अकरा परिच्छेदांत ‘परोपकारी’ हा शब्द एकदाही आला नाही आणि दोन परिच्छेद एकमेकांच्या थेट विरुद्ध टोकाला जाऊन थांबले होते. दोन्ही मला पूर्ण गुण देण्याजोगे वाटले.

येथेच या पुस्तकाबद्दलची माझी मुख्य तक्रार सुरू होते. पाठांत वाद आहे. पण पाठाखालचे प्रश्न त्या वादाच्या आसपास जातात आणि बहुतेक वेळा परत फिरतात. स्वमताच्या प्रश्नांची क्रियापदे सलग वाचून पाहावीत. ‘स्पष्ट करा’, ‘तुमच्या शब्दांत लिहा’, ‘पटवून द्या’, ‘विशद करा’ हीच क्रियापदे पुन्हा पुन्हा समोर येतात. ‘पटवून द्या’ म्हणताना निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि मुलाने त्याची वकिली तेवढी करायची असते. ‘स्पष्ट करा’ यात तर मताला जागाच नाही. तो आकलनाचा प्रश्न आहे आणि तो ‘स्वमत’ या शीर्षकाखाली येऊन बसला आहे. तुम्हांला काय आवडले ते सकारण लिहा, असे विचारणारे मोकळे प्रश्नही पुस्तकात आहेत, हे मान्य करायलाच हवे. परंतु त्यांतही आवडण्याची कारणे विचारली जातात, न आवडण्याची सहसा नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हे लवकर लक्षात येते. स्वमत म्हणजे पाठाच्या लेखकाशी सहमत होऊन तीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत सांगणे, असा अर्थ तो मनाशी लावतो, आणि समोरचे प्रश्न पाहता त्याला चूक म्हणता येत नाही.

याला पुस्तक घडवणाऱ्यांची अनास्था कारण आहे, असे मला वाटत नाही. ज्यांनी हे पाठ निवडले त्यांना वादाची किंमत कळत होती, हे उघडच आहे. अडचण तपासण्याची असावी. राज्यभरातून येणाऱ्या लाखो उत्तरपत्रिका हजारो शिक्षकांनी ठरावीक दिवसांत तपासायच्या असतात. तेथे ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात असा प्रश्न ठेवला, तर गुण कशाला द्यायचे हे प्रत्येक तपासणाऱ्याला नव्याने ठरवावे लागेल. परंतु हे अशक्य नाही. भूमिका कोणतीही असो. ती पहिल्या एक-दोन वाक्यांत स्वच्छ सांगितली आहे का, तिला पाठातला एक आणि अनुभवातला एक असा आधार दिला आहे का, आणि विरुद्ध बाजूची निदान एक ओळीची दखल घेतली आहे का, एवढ्या तीन गोष्टींना एकेक गुण देता येतो. वाचनालयात आम्ही असेच करतो आणि मुले एकमेकांचे लेखन याच तीन कसोट्यांवर तपासतात. पहिल्या महिन्यात त्यांच्या तपासण्यात दोस्ती डोकावत असे. दिवाळीपर्यंत ती गेली.

डॉ. वा. ग. पूर्णपात्रे यांचा ‘सोनाली’ हा पाठ या दृष्टीने हातचा निसटलेला आहे. चाळीसगावच्या डॉक्टरांनी घरी वाढवलेली सिंहीण, तिची कुत्र्याच्या पिल्लाशी जमलेली गट्टी, घरातल्या माणसांना तिचा लागलेला लळा आणि अखेर पुण्याच्या पेशवे पार्कात झालेली तिची पाठवणी, हे सारे मुले जीव लावून वाचतात. मुक्या प्राण्यांच्या प्रेमावर स्वमत लिहायला सांगितले की सगळ्यांचे उत्तर सारखेच येते. मी मुलांना वन्यजीव संरक्षण कायद्याबद्दल सांगितले. तो १९७२ चा आहे, आणि आज सिंहाचे पिल्लू असे कुणाला घरी आणता येणार नाही. मग प्रश्न ठेवला, की डॉक्टरांचे सोनालीवर प्रेम होते यात शंका नाही. पण तिला घरी वाढवणे तिच्या हिताचे होते का? या प्रश्नात प्रेम आणि हित यांची फारकत आहे, आणि ती एकदा ध्यानात आली की मुले आपल्या घरातल्या गोष्टींबद्दलही तशीच बोलू लागतात. एका मुलीने सोनालीवर लिहिता लिहिता आपल्या मोठ्या बहिणीच्या लग्नाबद्दल चार ओळी लिहिल्या. त्या मी कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. पण तिला एवढे सांगितले, की तुझे मत येथे सुरू झाले आहे.

दुसरी उणीव जरा तांत्रिक आहे, तरी मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. हे पुस्तक मत मागते, पण ते कसे रचावे हे दाखवत नाही. शेवटच्या उपयोजित लेखनाच्या विभागात पत्र, सारांश, जाहिरात, बातमी आणि कथा यांची सोय नेटकी केली आहे. पत्राचा मायना, जाहिरातीतले आकर्षक शब्द, बातमीचा शीर्षभाग हे सगळे मुलांना साच्यासह कळते. वैचारिक लेखनाच्या वाट्याला मात्र मुख्यतः सूचनाच येतात: विषयाचा सर्व बाजूंनी विचार करावा, मुद्देसूद मांडणी करावी, भाषा ओघवती असावी. या सूचना खऱ्या आहेत, परंतु ज्याला पोहता येते त्यालाच त्यांचा उपयोग. सर्व बाजूंनी विचार करायचा म्हणजे कागदावर आधी काय करायचे, हे मुलाला कुणीतरी सांगायला हवे.

मी चार शब्दांपासून सुरुवात करते: कारण, म्हणून, परंतु, तरीही. उभयान्वयी अव्यये म्हणून हे शब्द मुले मागच्या इयत्तांत शिकलेली असतात, वाक्यातून ओळखून त्यांचा प्रकारही सांगतात. पण विचार वळवण्यासाठी ते हाती घ्यायचे असतात, हे त्यांना माहीत नसते. आठवीतून नववीत आलेल्या कोणत्याही मुलाचा परिच्छेद पाहावा. त्यात ‘आणि’ भरपूर असतो, ‘म्हणून’ बऱ्यापैकी असतो, ‘कारण’ कमी असतो आणि ‘तरीही’ जवळपास नसतो. ज्या मुलाच्या लेखनात ‘तरीही’ नाही, त्याने समोरच्या माणसाचे म्हणणे अजून ऐकलेले नाही, असे मी समजते. म्हणून दर रविवारी प्रत्येकाने एक वाक्य असे लिहायचे असते, की त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात दुसऱ्याचे म्हणणे असेल, मग ‘तरीही’ येईल आणि नंतर आपले म्हणणे येईल. ‘मोबाइलवर अभ्यासाचे व्हिडिओ असतात हे खरे आहे, तरीही माझ्या खोलीत तो रात्री नको, असे मी स्वतःच आईला सांगितले, कारण मला तो खाली ठेवता येत नाही’, हे नववीतल्या एका मुलाचे वाक्य. यात मत आहे, कबुली आहे आणि कारण आहे. कोणत्याही अलंकारापेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटते.

पुस्तकाने मोकळी सोडलेली ही जागा बाजाराने भरून काढली आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते. दहावीच्या मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकापेक्षा जाड असे एखादे मार्गदर्शक पुस्तक बहुधा असतेच. अशा एका पुस्तकात मी ‘स्वमत’ या मथळ्याखाली प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर वाचले. तुमच्या आजीविषयी तुम्हांला काय वाटते, या धर्तीच्या प्रश्नाखालीदेखील छापील उत्तर होते: ‘माझी आजी पहाटे उठते, सडासंमार्जन करते…’ ते वाचून एका शिकवणीतल्या कितीतरी मुलांच्या आज्या एकाच वेळी पहाटे उठू लागल्या. त्यांतल्या एका मुलाची आजी त्याच्या जन्माआधीच वारली होती आणि दुसऱ्याची आजी मुंबईत लोकलने कामाला जात होती. नोकरी करणाऱ्या त्या आजीबद्दल मुलाकडे सांगण्यासारखे किती होते! पण ते परीक्षेत चालेल का, अशी त्याला शंका होती. स्वतःचे मत पाठ करणे, हे शब्द एकापुढे एक ठेवून पाहिले की त्यांतली विसंगती कळते. आपल्या घराघरांत ते रोज घडते आहे आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. पालकांना दोष देऊन उपयोग नाही, कारण छापील उत्तराला गुण मिळतात, हा त्यांचा अनुभव आहे. जे उत्तर छापता येत नाही असा प्रश्न विचारणे, हा यावरचा खरा उपाय आहे. आणि तो पाठ्यपुस्तक, कृतिपत्रिका व वर्गातला शिक्षक यांच्याच हाती आहे.

वैचारिक लेखनाचे आठ गुण असूनही मुले त्याकडे वळत नाहीत. याचे कारण पर्यायांत आहे. प्रसंगलेखन किंवा आत्मकथन यांपैकी एक निवडले, की मत न मांडता तेच आठ गुण मिळवता येतात. फाटके पुस्तक, जुनी छत्री, आटलेली नदी यांची मनोगते ठरावीक वळणाने लिहिता येतात. एक नमुना तयार असला की वस्तू बदलत जायची. आत्मकथन हा वाईट प्रकार आहे असे मी म्हणत नाही, कल्पनाशक्तीला त्यात वाव आहे. परंतु तीन तासांच्या कृतिपत्रिकेत एखादा विद्यार्थी स्वतःच्या नावाने एकही भूमिका न घेता उत्तम गुण मिळवून बाहेर पडू शकतो, हे मला खटकते.

पत्रलेखनाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण मत मांडण्याची खरी शाळा तेथे भरू शकली असती. मी पाहिलेल्या सरावाच्या कृतिपत्रिकांत एक जाहिरात दिलेली असते आणि तिच्यावरून रोपांची किंवा पुस्तकांची मागणी करायची असते, नाहीतर मित्राचे अभिनंदन करायचे असते. आता पत्त्याबरोबर ई-मेलही लिहायचा असतो, हा बदल स्वागतार्ह आहे. पण पत्र ज्याला पाठवायचे तो माणूस कल्पित असतो, त्याचे उत्तर कधी येत नाही, त्यामुळे आपल्या शब्दांनी समोर काही हलते का, हे मुलाला कळायला मार्गच उरत नाही. पुस्तकातील ‘उपक्रम’ या सदरात अधूनमधून घराबाहेर पडायला लावणाऱ्या कृती आहेत आणि मला हे सदर फार आवडते. गुण नसल्यामुळे ते बहुतेक वर्गांत वगळले जाते, ही गोष्ट वेगळी. एखाद्या उपक्रमात खऱ्या माणसाला, खऱ्या प्रश्नावर, खरे पत्र पाठवायला सांगितले, तर या पुस्तकाचे मोल दुपटीने वाढेल.

मराठीत हे नवे नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली, ती पत्रेच होती आणि त्यांत स्वकीयांना विचारलेले कडू प्रश्न होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध हा शब्द परीक्षेचा नव्हता, वादाचा होता. याच पुस्तकात ज. वि. पवार यांची ‘तू झालास मूक समाजाचा नायक’ ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरची कविता आहे. ती शिकवताना ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाची ओळख करून द्यावी, आणि ज्यांना बोलू दिले गेले नव्हते त्यांचे म्हणणे छापून येण्याचा अर्थ काय होतो, याबद्दल मुलांशी बोलावे, असे मी शिक्षकांना आवर्जून सुचवीन. मी तसे केले तेव्हा एका मुलाने विचारले, की मग आपल्याला स्वमतात पाठाच्या विरुद्ध लिहायची भीती का वाटते? त्याला द्यायला माझ्यापाशी त्या दिवशी पुरेसे उत्तर नव्हते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील बाराव्या कलमाने मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे, हे मी त्याला पुढच्या रविवारी सांगितले. त्याने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

पुस्तकाच्या बाह्यांगाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. अक्षर वाचनीय आहे, कवी-लेखकांचा परिचय थोडक्यात आणि कामापुरता आहे, चित्रे काही पाठांत सुंदर तर काहींत साधारण आहेत. ‘बालभारती’च्या संकेतस्थळावर संपूर्ण पुस्तक पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळते. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर राहून घरी मराठी शिकवणाऱ्या पालकांनाही ते वापरता येईल, आणि त्यांना तर मी ते परीक्षेच्या ओझ्याशिवाय वापरता येणारे पुस्तक म्हणून अधिकच सुचवीन. स्वाध्यायाच्या पानावर लिहायला मोकळी जागा नाही, ही मात्र अडचण आहे. आम्ही प्रत्येक पाठाच्या शेवटी एक कोरा कागद टाचतो.

वापरणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना सांगायचे तर, पुस्तक जसेच्या तसे ठेवून प्रश्नाचे क्रियापद तेवढे बदलावे. ‘पटवून द्या’ असे असेल तेथे ‘पटते का?’ असे विचारावे. ‘स्पष्ट करा’ असेल तेथे आधी स्पष्ट करायला लावावे, आणि मग, तुझ्या घरी किंवा गल्लीत हे खरे ठरते का, असा एक प्रश्न पुढे जोडावा. मुलाने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यावर लाल शाईने शुद्धलेखन तपासू नये. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या मसुद्यात पाहता येते, पण पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ पडली की पुढचे मत आतच राहते. आणि घरात, विशेषतः जेवताना, मुलाचे मत विचारले तर ते ऐकून घेतल्यावर आपले मत निदान दोन मिनिटे राखून ठेवावे. मला स्वतःला हे अजूनही कठीण जाते.

मागच्या हिवाळ्यात मुलांनी खरे पत्र लिहायचे ठरवले. आमचे वाचनालय संध्याकाळी सात वाजता बंद होते आणि शिकवणीवरून येणाऱ्या मुलांना तेथे बसता येत नाही. ते नऊपर्यंत उघडे राहावे, अशी विनंती करायची होती. पहिला मसुदा सगळा मागणीपत्राच्या साच्यात बसलेला होता: ‘आम्ही आपले आभारी राहू’ दोनदा आणि कारण एकही नाही. मग मुलांनी आठवडाभर रोज संध्याकाळी सातनंतर किती जण दारापर्यंत येऊन परत जातात, ते मोजले. हा आकडा पत्रात आला, परीक्षेचे वेळापत्रक आले, आणि पत्र कार्यवाहांच्या हाती दिले गेले. बारा दिवसांनी लेखी उत्तर आले. नऊपर्यंत थांबायला दुसरा कर्मचारी लागेल आणि त्याचा पगार वाचनालयाला परवडणारा नाही, म्हणून विनंती मान्य करता येत नाही, असे त्यात म्हटले होते. दोन मुले हिरमुसली. बाकीच्यांनी ते उत्तर चार वेळा वाचले, कारण त्यांच्या मताला कुणी लेखी कारण देऊन नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या रविवारी त्यांनी दुसरे पत्र लिहिले. त्यात निवृत्त वाचकांपैकी कोणी आळीपाळीने दोन तास बसू शकेल का, याची विचारणा होती आणि अशी तयारी दाखवणाऱ्या तीन आजोबांच्या सह्या होत्या. पत्राची सुरुवात अशी होती: ‘आपली पगाराची अडचण आम्हांला पूर्णपणे पटली आहे. तरीही…’